धातूवर धातूचा मुलामा आणि गंज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाम्याच्या कामात असणाऱ्याला भेटणारा जवळपास प्रत्येक माणूस विचारतो, "हा किती वर्षं टिकेल?" त्याचं उत्तर पुढे आहे, आकड्यांसकट. पण त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: या मुलाम्याला भोक पडलं तर आधी कोण विरघळेल, वरचा धातू की खालचा? भोक आज ना उद्या पडणारच, हे धरूनच चालायचं. खालची निम्मी उत्तरं या एकाच प्रश्नातून निघतात.

लोखंड गंजतं म्हणजे नक्की काय होतं?

घासून लख्ख केलेल्या पोलादी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब सोडा आणि काही तास थांबा. गंज थेंबाच्या कडेला धरत नाही, अगदी मध्यावरही धरत नाही. दोन्हींच्या मध्ये तपकिरी कडं उमटतं. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यापर्यंत तो फारसा उतरत नाही. मध्यावरचं लोखंड आपले इलेक्ट्रॉन मागे सोडून आयन होऊन पाण्यात उतरतं. ते इलेक्ट्रॉन धातूतूनच कडेकडे जातात आणि तिथे ऑक्सिजन न् पाणी त्यांना घेऊन हायड्रॉक्साइड बनवतात. लोखंडाचे आयन आणि हायड्रॉक्साइड वाटेत जिथे गाठतात तिथे कडं दिसतं.

म्हणजे तो थेंब हा एक इवलासा विद्युतघट असतो. धातू जिथे विरघळतो तो ॲनोड, ऑक्सिजन जिथे इलेक्ट्रॉन घेतो तो कॅथोड. मीठ असलं की पाण्यातून वीज चांगली वाहते, म्हणून समुद्रकाठी गंज झपाट्याने वाढतो. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, भुसभुशीत असतो आणि पाणी धरून ठेवतो. त्यामुळे तो खालच्या लोखंडाला झाकत नाही, उलट ओलंच ठेवतो.

वरून दुसरा धातू लावला की काय फरक पडतो?

मुलामा दोन तऱ्हांनी उपयोगी पडतो. एक म्हणजे झाकण: पाणी आणि ऑक्सिजन खालपर्यंत पोचूच द्यायचे नाहीत. दुसरी तऱ्हा म्हणजे स्वतः झिजून खालच्याला वाचवणं. पहिलं काम कुठलाही सलग थर करू शकतो, अगदी रंगसुद्धा. दुसरं काम ठरावीक धातूच करतात.

कोण कोणासाठी झिजेल हे त्यांच्या प्रमाण विभवावरून, म्हणजे धातू किती सहज इलेक्ट्रॉन सोडतो हे सांगणाऱ्या व्होल्टमधल्या आकड्यावरून कळतं. जस्त −०.७६ व्होल्ट, लोखंड −०.४४, निकेल −०.२५, कथील −०.१४, तांबं +०.३४. दोन धातू एकमेकांना टेकलेले आणि एकाच पाण्यात भिजलेले असले की ज्याचा आकडा जास्त ऋण तो विरघळतो, दुसरा वाचतो. एवढं मात्र ध्यानात असू द्या की हे आकडे प्रयोगशाळेतल्या ठरावीक द्रावणातले आहेत. खऱ्या पाण्यात क्रम कधीकधी उलटतो, आणि सगळी गंमत (आणि सगळं नुकसान) तिथेच होतं.

जस्त लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील. मग ते आधीच संपून कसं जात नाही?

संपतं, पण फार सावकाश. उघड्या हवेत जस्तावर आधी ऑक्साइड बनतो, दवापावसाने त्याचं हायड्रॉक्साइड होतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून शेवटी घट्ट चिकटलेला, पाण्यात सहसा न विरघळणारा कार्बोनेटचा थर तयार होतो. नव्या पत्र्याची झळाळी जाऊन तो राखाडी होतो तो यामुळे. लोक म्हणतात पत्रा जुना झाला. खरं तर तो आत्ता कुठे कामाला लागलेला असतो.

फरक किती? हवामानाची तीव्रता मोजणाऱ्या आयएसओ ९२२३ या मानकातली मधली श्रेणी घ्या, सी३. त्या हवेत उघडं पोलाद वर्षाला २५ ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) झिजतं. जस्त ०.७ ते २.१ मायक्रॉन.

ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तर?

मुलामा जस्ताचा असेल तर उघड्या पडलेल्या रेघेवर पाणी साचताच जस्त ॲनोड होतं आणि लोखंड कॅथोड. लोखंड विरघळायचं थांबतं. वर जस्ताची संयुगं त्या रेघेत येऊन साचतात आणि तीही थोडीफार बुजते. पत्रा कापल्यावर कडेला उघडं पोलाद दिसतं तरी ती कड सहसा गंजत नाही, ती याच कारणाने. मात्र या संरक्षणाची पोच काही मिलिमीटरची असते. तळहाताएवढा भाग उघडा पडला तर त्याच्या मध्यभागी जस्ताचा हात पोचत नाही.

कथलाचा मुलामा असेल तर पारडं फिरतं. आता लोखंड ॲनोड आणि कथील कॅथोड. तेही भलंमोठं कॅथोड. अख्ख्या पृष्ठभागावर गोळा होणारा ऑक्सिजन सगळे इलेक्ट्रॉन त्या टाचणीएवढ्या भोकातून मागतो. नुसतं लोखंड सगळीकडून सारखं गंजलं असतं, ते आता एकाच जागी खोल पोखरलं जातं. तांबं, निकेल, चांदी, सोनं यांचंही तेच. असा मुलामा सलग असेल तोवर उत्तम. भोकसलेला असेल तर नसलेला बरा.

मग अन्नाच्या डब्यांना आतून कथील का लावतात?

खऱ्या पाण्यात क्रम कधीकधी उलटतो असं वर म्हटलं, त्याचं उदाहरण हेच. बंद डब्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो आणि फळांमधली सायट्रिकसारखी आम्लं कथलाच्या आयनांना आपल्यात बांधून टाकतात. पाण्यात मोकळे कथील आयन उरतच नाहीत, त्यामुळे कथलाचं विभव लोखंडाच्याही खाली घसरतं. बाहेरच्या बाजूने लोखंडाचा घात करणारं कथील आतल्या बाजूने त्याच्यासाठी झिजायला लागतं. तोच पत्रा, दोन बाजू, दोन स्वभाव. डबा उघडून तसाच ठेवला की ऑक्सिजन आत येतो आणि कथील भराभर विरघळायला लागतं, म्हणून उरलेला पदार्थ दुसऱ्या भांड्यात काढायचा.

धातूच्या डब्याचं पेटंट पीटर ड्युरँड यांना १८१० साली इंग्लंडमध्ये मिळालं. तेव्हा पत्रा वितळलेल्या कथलात बुडवत. आता कथील विजेने चढवतात आणि थर सहसा एका मायक्रॉनहून पातळ असतो, शिवाय पुष्कळ डब्यांना आतून लाखेचा थर असतो.

तांब्या-पितळेच्या भांड्यांची कल्हई हेही कथीलच. पण तिथे भांड्यापेक्षा खाणाऱ्याला वाचवायचं असतं, आंबटात उतरणाऱ्या तांब्यापासून.

गॅल्व्हनायझिंग म्हणजे जस्तात बुडवणं, एवढंच ना?

बुडवणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. आधी अल्कलीच्या टाकीत तेल-वंगण काढायचं, मग हायड्रोक्लोरिक आम्लात गंज आणि भट्टीची खपली, मग पाण्याने धुवायचं, मग झिंक अमोनियम क्लोराइडच्या फ्लक्समध्ये, म्हणजे जस्त नीट धरावं म्हणून पृष्ठभाग स्वच्छ ठेवणाऱ्या द्रावणात, बुचकळायचं. यानंतर कुठे साधारण ४५० अंश सेल्सियसवरचं वितळलेलं जस्त. (जस्त ४१९.५ अंशांवर वितळतं.) वेल्डिंगच्या स्लॅगचा एक ठिपका जरी राहिला तरी तिथे जस्त धरत नाही आणि काम बाहेर आलं की काळा डाग डोळ्यांत भरतो. रंगाखाली घाण लपते. जस्ताखाली लपत नाही, आणि मला या पद्धतीत सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे.

टाकीत जे घडतं त्याला मुलामा म्हणणंही तसं अपुरं. तयार झालेला तुकडा आडवा कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली धरा. पोलाद संपून जस्त सुरू झालं अशी एक रेघ दिसत नाही. पोलादाला लागून गॅमा नावाचा जस्त-लोखंडाचा अगदी बारीक थर, त्यावर डेल्टा, त्यावर दाट गवतासारखे उभे स्फटिक असलेला झीटा आणि सगळ्यात वर जवळजवळ शुद्ध जस्ताचा ईटा. लोखंडाचं प्रमाण आतून बाहेर कमी कमी होत जातं. डेल्टा आणि झीटा हे थर साध्या पोलादापेक्षा कठीण असतात, वरचा ईटा मऊ. ठोका बसला की मऊ थर दबतो, घासलं की कठीण थर दाद देत नाहीत. रंगासारखे पोपडे निघत नाहीत ते यामुळे. थर चिकटलेला नसतो, उगवलेला असतो.

एक गोष्ट मात्र जिवावर बेतणारी. पोकळ पाईप किंवा चौकट बुडवायला पाठवताना हवा आणि जस्त आत-बाहेर जायला भोकं ठेवावीच लागतात. बंद पोकळीत ओलावा राहिला तर ४५० अंशांवर त्याची क्षणात वाफ होते आणि नळी बॉम्बसारखी फुटते.

पत्र्यावर फुलं-फुलं दिसतात तो अस्सल, करडा दिसतो तो भेसळीचा, हे खरं का?

नाही. ती फुलं म्हणजे थिजताना वाढलेले जस्ताचे स्फटिक. टाकीत थोडं शिसं किंवा अँटिमनी असेल तर ती मोठी होतात, नसेल तर दिसतही नाहीत. गंजरोधाशी त्यांचा संबंध नाही.

करडेपणाचं कारण बहुतेक वेळा पोलादातलं सिलिकॉन असतं. ते ठरावीक प्रमाणात असलं की जस्त-लोखंडाची क्रिया आवरत नाही, मिश्रधातूचे थर थेट पृष्ठभागापर्यंत वाढतात आणि काम मळकट राखाडी निघतं. दिसायला फिकं, पण थर जाड, म्हणजे आयुष्य उलट जास्त. परत पाठवण्याआधी जाडी मोजून घ्या.

गरम टाकीत बुडवणं आणि इलेक्ट्रोप्लेटिंग यांत निवड कशी करायची?

जाडीवरून. विजेने चढवलेलं जस्त साधारण ५ ते २५ मायक्रॉन असतं: गुळगुळीत, एकसारखं, आटे न बुजवणारं. गरम बुडवलेल्या जाड पोलादी कामावर तेच ८५ मायक्रॉनच्या घरात. घराच्या आतला स्क्रू, बिजागरी, यंत्राचा सुटा भाग यांना प्लेटिंग ठीक. पावसात उभ्या राहणाऱ्या गोष्टीला प्लेटिंग केलेला नट-बोल्ट लावला की दोनतीन पावसाळ्यांत तपकिरी ओघळ दिसायला लागतात आणि बोल लागतो चौकटीला.

बरं, मग किती वर्षं टिकेल?

हे गणित सोपं आहे, कारण जस्ताची झीज बऱ्यापैकी एकसारखी होते. जाडी भागिले वार्षिक झीज. गरम बुडवलेल्या जस्ताच्या आयएसओ १४६१ या मानकाप्रमाणे ६ मिलिमीटरपेक्षा जाड पोलादावर सरासरी किमान ८५ मायक्रॉन थर हवा. सी३ हवेत वर्षाला जास्तीत जास्त २.१ मायक्रॉन झीज धरली तरी चाळीस वर्षं निघतात. तोच थर सी५ हवेत, म्हणजे खाऱ्या वाऱ्यात किंवा दाट कारखानदारीत, वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉनने झिजतो. मग दहा ते वीस वर्षं.

पत्र्याच्या बाबतीत आकडा मायक्रॉनऐवजी ग्रॅममध्ये छापलेला असतो. दर चौरस मीटरला ७.१४ ग्रॅम जस्त म्हणजे एक मायक्रॉन. फसगत इथे होते: पत्र्यावरचा ग्रॅमचा आकडा सहसा दोन्ही बाजूंचा मिळून असतो. २७५ लिहिलेलं असेल तर एका बाजूला साधारण १९ मायक्रॉनच.

मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत इतके तास टिकला, अशी जाहिरात करणाऱ्यांकडे जरा सावधपणे बघा. त्या पेटीत नमुना सतत ओलाच राहतो, त्याला वाळायला उसंत मिळत नाही, त्यामुळे कार्बोनेटचा थर धरतच नाही. एकाच प्रकारच्या मालाची खेप खेपेशी ताडून पाहायला ती चाचणी चांगली, आयुष्य सांगायला नाही.

नव्याकोऱ्या पत्र्यांवर पांढरी भुकटी आली. माल खराब आहे का?

बहुधा साठवण खराब आहे. मी स्वतः हे पाप केलंय. एकदा पत्र्यांचा गठ्ठा ताडपत्रीखाली नीट झाकून ठेवला आणि आपण फार काळजी घेतली अशा समजुतीत राहिलो. महिन्याने उघडला तर पत्र्यांच्या मध्ये पिठासारखी पांढरी बुरशी. ताडपत्रीखाली दमट हवेचं पाणी झालं, दोन पत्र्यांच्या फटीत ते केशाकर्षणाने पसरलं, आणि तिथे हवा खेळत नसल्याने कार्बोनेट बनायला कार्बन डायऑक्साइड मिळाला नाही. मग हायड्रॉक्साइडची भुकटीच वाढत राहते. पत्रे उघड्यावर तिरके उभे केले असते, मध्ये लाकडी पट्ट्या घातल्या असत्या, तर पावसातही काही झालं नसतं.

भुकटी हलकी असेल तर नायलॉनच्या ब्रशने झाडा आणि वारा लागू द्या, वाढ थांबते. खाली काळं किंवा तपकिरी दिसलं तर मात्र थर किती उरला ते मोजलंच पाहिजे.

क्रोम इतकं चकचकीत आणि कठीण, तरी फोड का येतात?

कारण शोभेच्या क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनचाही नसतो आणि त्याला बारीक चिरा असतातच. पाणी अडवण्याचं खरं काम त्याखालचं १० ते ३० मायक्रॉनचं निकेल करतं. राबतं निकेल, मिरवतं क्रोम. क्रोम हवेत स्वतःवर अभेद्य ऑक्साइड चढवून घेतं, म्हणून ते काळवंडत नाही, पण त्यामुळेच निकेलसमोर ते कॅथोड ठरतं आणि चिरेखालचं निकेल पोखरलं जातं. निकेल संपलं की पाळी लोखंडाची, आणि वाढणारा गंज खालून फोड उचलतो.

यावरचा तोडगा मला फार चतुर वाटतो. निकेलचे दोन थर द्यायचे: खालचा गंधक नसलेला, वरचा किंचित गंधक असलेला. गंधकवालं निकेल जरा जास्त क्रियाशील असतं. चिरेतून आलेली झीज वरचा थर खात खाली जाते, दोन थरांच्या सीमेवर पोचते आणि तिथून सरळ खाली न जाता आडवी वळते, कारण वरचा थर खालच्यासाठी झिजायला लागतो. भोक बंद झालं नाही, फक्त त्याची दिशा बदलली. लोखंडाला मात्र काही वर्षं जास्त मिळाली.

दागिन्यांसारखं सोनं चढवलं तर गंजाचा प्रश्नच मिटेल?

सोनं गंजणार नाही, पण पातळ सोन्याच्या थराला सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांखालचा धातू दुप्पट जोमाने गंजतो. विजेच्या जोडण्यांमध्ये सोन्याखाली आधी निकेल देतात ते म्हणूनच.

गॅल्व्हनाइज्ड कामावर रंग द्यावा का?

द्यावा, आणि दोन्ही मिळून एकेकट्यांच्या बेरजेपेक्षा जास्त टिकतात. रंगाला चीर पडली तरी खाली गंज फुगत नाही, त्यामुळे रंग उचलला जात नाही. रंग आहे तोवर जस्त झिजत नाही. पण साधा तेली एनॅमल रंग थेट फासू नका. जस्त त्यातल्या तेलाचा साबण करतं आणि वर्षभरात रंग कातड्यासारखा सोलून निघतो. जस्तासाठी बनवलेला प्रायमर आधी लावायचा.

वेल्डिंग केलं तर?

जस्त ९०७ अंशांवर उकळतं, म्हणजे वेल्डच्या जागी मुलामा उडणारच. तो पांढरा धूर जस्ताच्या ऑक्साइडचा. छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. सांध्याजवळचं जस्त आधी घासून काढा, वारा पाठीशी घ्या, आणि नंतर जस्ताची पूड भरपूर असलेल्या रंगाने ती जागा भरा. चंदेरी रंगाचा हात मारणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. त्यात बहुधा ॲल्युमिनियम असतं, दिसण्यापुरतं.

वेगवेगळे धातू एकत्र जोडले तर काय सांभाळायचं?

क्षेत्रफळांचं प्रमाण. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला स्टेनलेसचे चार स्क्रू चालून जातात, कारण भलंमोठं जस्त आणि चिमुकला कॅथोड. स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्याला जस्ती स्क्रू लावले तर ते खाऊन टाकले जातात.

दुसरं, पाण्याची वाट. तांब्यावरून वाहून आलेलं पाणी जस्तावर पडू देऊ नका. त्यातले तांब्याचे आयन जस्तावर जाऊन बसतात आणि प्रत्येक कण एक छोटा कॅथोड होतो.

हे ज्ञान जुनं आहे. १८२४ साली हंफ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांना लोखंड नि जस्ताचे तुकडे जोडले. तांबं झिजायचं थांबलं, प्रयोग यशस्वी. पण विरघळणाऱ्या तांब्याच्या विषामुळेच शिंपले-शेवाळ तळाला धरत नव्हतं! आता ते बिनधास्त वाढलं आणि जहाजं मंदावली. आणि न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यात तांब्याची कातडी आणि आत लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा. मधलं ॲस्बेस्टॉसचं अस्तर झिजल्यावर लोखंड इतकं गंजलं की १९८६ पर्यंत चाललेल्या दुरुस्तीत त्या पट्ट्या काढून स्टेनलेसच्या घालाव्या लागल्या.

जस्ताऐवजी ॲल्युमिनियम चालतं का?

पत्र्यांवर तर दोन्हींचं मिश्रण सर्रास असतं: वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम, दीड-एक टक्का सिलिकॉन, बाकी जस्त. ॲल्युमिनियम झाकतं, जस्त कडा सांभाळतं. ओल्या सिमेंटशी मात्र त्याचं जमत नाही. टाकीत न मावणाऱ्या मोठ्या कामावर जस्ताची किंवा ॲल्युमिनियमची तार वितळवून हवेच्या झोताने फवारतात.

उच्च ताकदीच्या बोल्टला प्लेटिंग केलं आणि तो न गंजताच तुटला. असं कसं?

हायड्रोजनमुळे. आम्लात धुताना आणि प्लेटिंग करताना हायड्रोजनचे अणू पोलादात शिरतात आणि कठीण पोलाद ठिसूळ करतात. बोल्ट आवळल्यावर लगेच नाही, काही तासांनी किंवा दिवसांनी तुटतो. प्लेटिंगनंतर लगोलग साधारण २०० अंशांवर काही तास भाजला तर हायड्रोजन बराचसा निघून जातो. तुमच्या पुरवठादाराकडून भाजल्याची नोंद मागा.

जस्त कुठे वापरूच नये?

आम्लात आणि तीव्र अल्कलीत. दोन्हींत ते विरघळतं. आणि गरम पाण्यात जपून. साधारण ६० अंशांच्या वर काही प्रकारच्या पाण्यात जस्तावरचा थर बदलतो, क्रम उलटतो, आणि जस्त लोखंडाला वाचवायचं सोडून त्यालाच झिजवायला लागतं. पाणी तापवायच्या पोलादी टाक्यांना आतून काचेचा थर देतात आणि मध्ये मॅग्नेशियमचा दांडा सोडतात तो म्हणूनच. त्याचं विभव −२.३७ व्होल्ट, तापमान वाढलं तरी पक्ष बदलत नाही. तो दांडा वर्षा-दोन वर्षांनी उघडून बघा. आतली तार दिसायला लागली असेल तर बदला.